ड्युअल-बूट संगणकाचं पार्टिशन बिघडलं? आधी वाचा, मग लिहा

काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरं आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. नाहीतर विंडोज नीट सुरू होतं, पण लिनक्सचं पार्टिशन दिसलं की विचारतं, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?' किंवा जीपार्टेड (पार्टिशनं दाखवणारं आणि बदलणारं साधन) उघडावं तर अख्खी डिस्क करड्या रंगात, 'अनअलोकेटेड'. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स नांदवणाऱ्यांना यातलं काहीतरी कधीतरी दिसतंच, मग तो गोव्यातल्या फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातला विद्यार्थी असो की दुकानाचे हिशेब विंडोजवर आणि जत्रेतल्या नाटकांची ध्वनिमुद्रणं लिनक्सवर ठेवणारा हौशी कलाकार. पहिला विचार येतो, 'गेलं सगळं!' बहुतेक वेळा तोवर फाइली जागच्या जागी असतात. त्या जातात पुढच्या अर्ध्या तासात, घाबरून दाबलेल्या बटणांमुळे.

असं का होतं, ते पार्टिशन म्हणजे काय हे कळलं की लक्षात येतं. डिस्क ही क्रमांक दिलेल्या सेक्टरांची लांबच लांब रांग असते. एक सेक्टर साधारणपणे ५१२ बाइटचा धरतात. ५०० जीबीच्या डिस्कवर असे सुमारे ९७.७ कोटी सेक्टर मावतात. या रांगेत कुठेही भिंत नसते. अगदी सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो आणि त्यात फक्त एवढंच लिहिलेलं असतं की अमुक सेक्टरपासून तमुक सेक्टरपर्यंत विंडोज, तिथून पुढे लिनक्स. आपल्या गोव्यातल्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासारखंच हे. सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि कब्जेदाराचं नाव कागदावर असतं, माड-पोफळी जमिनीत असतात. उताऱ्याला वाळवी लागली म्हणून कुळागर नाहीसं होत नाही. पण चुकीचा नवा उतारा हातात घेऊन कुणी तिथे जेसीबी घातला, तर होतं.

म्हणून दुरुस्तीत पहिला प्रश्न 'कोणतं सॉफ्टवेअर वापरू' हा नसतो. बिघाड कोणत्या थरात आहे, हे आधी शोधायचं. सगळ्यात खाली खुद्द डिस्क, तिच्यावर पार्टिशनचा तक्ता, मग प्रत्येक पार्टिशनच्या आतली फाइल सिस्टिम (कोणती फाइल कुठे आहे याची मांडणी), आणि या सगळ्यांच्या आधारावर उभा असलेला बूटलोडर, म्हणजे संगणक चालू करताना विंडोज किंवा लिनक्स उठवणारा छोटा प्रोग्राम. वरच्या थराचं औषध खालच्या थराच्या रोगावर वापरलं की नुकसान ठरलेलं.

डिस्क जिवंत आहे का?

शोध नेहमी बाहेरून घ्यायचा. उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे आतली डिस्क न वापरता ज्यावरून लिनक्स सुरू होतं तो, चालतो. माझी पसंती 'सिस्टिमरेस्क्यू'ला, कारण लागणारी जवळजवळ सगळी हत्यारं त्यात आधीच भरलेली असतात. पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर तयार करायचा. बिघडलेल्या डिस्कवर काही उतरवून घेणं म्हणजे जे वाचवायचं त्याच्यावरच लिहिणं.

'स्मार्टसीटीएल' डिस्कची प्रकृती सांगतं. हार्ड डिस्कमध्ये 'रीअलोकेटेड' (खराब म्हणून बदललेल्या) आणि 'करंट पेंडिंग' (संशयित) सेक्टरांचे आकडे बघायचे. एनव्हीएमई एसएसडीत 'मीडिया एरर'. पेंडिंगचा आकडा वाढत असेल किंवा डिस्क टकटक आवाज करत असेल, तर पार्टिशन दुरुस्तीचा विचार तिथेच सोडून द्यायचा. त्याच तपासणीत 'यूडीएमए सीआरसी एरर' अशीही एक ओळ असते. तोच आकडा फुगलेला आणि बाकी सगळं ठीक, तर संशय डिस्कवर नाही, केबलवर घ्यायचा. समुद्राकडच्या घरांत खारी दमट हवा धातूच्या टोकांना सोडत नाही. नवी सेटा केबल लावून बघणं हा या लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय.

डिस्क खरोखर आजारी असेल तर 'डीडीरेस्क्यू' या साधनाने तिची सेक्टर-न्-सेक्टर प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यायची आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि हट्टी सेक्टर शेवटी ठेवतं. कुठवर आलं याची नोंद ते एका नकाशा-फाइलीत ठेवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम पहिल्यापासून करावं लागत नाही. जूनमध्ये ही सोय किती मोलाची आहे, ते सत्तरी-काणकोणच्या वाचकांना सांगायला नको. खरं तर डिस्क धडधाकट असली तरी हाताशी मोकळी डिस्क असेल तर प्रत आधी घ्यावी.

तक्त्याच्या दोन जाती

जुन्या संगणकांवर एमबीआर, नव्यांवर जीपीटी. एमबीआरचा अख्खा तक्ता डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये असतो: ४४६ बाइट बूटचा कोड, ६४ बाइटांत प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी आणि शेवटी दोन बाइटची खूण. चारांहून जास्त पार्टिशनं हवीत म्हणून 'एक्स्टेंडेड' पार्टिशनची युक्ती काढली गेली. त्याच्या आतली लॉजिकल पार्टिशनं साखळीने जोडलेली असतात, प्रत्येकाजवळ फक्त पुढच्याचा पत्ता. एक कडी तुटली की तिच्या पुढची सगळी पार्टिशनं एकदम दिसेनाशी होतात. पाच क्रमांक दिसतो पण सहा-सात गायब, असं झालं तर बहुधा हेच. आणि एमबीआरची दुसरी प्रत कुठेही नसते.

जीपीटी जास्त शहाणी आहे. विंडोज ८ पासूनच्या बहुतेक लॅपटॉपवर हीच असते. पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या साधनांना फसवायला एक 'संरक्षक' एमबीआर, त्यानंतर हेडर, मग ३२ सेक्टरांत १२८ नोंदींची जागा. मुख्य गोष्ट पुढे आहे: या सगळ्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते, आणि दोन्हींवर सीआरसी नावाची तपासणी-संख्या असते. त्यामुळे कोणती प्रत खराब आहे, हे साधनाला अंदाज न बांधता कळतं.

याचा फायदा कधी होतो? बूट पेनड्राइव्ह बनवताना पेनड्राइव्हऐवजी आतल्या डिस्कचं नाव दिलं गेलं, हा या क्षेत्रातला नेहमीचा अपघात. पेनड्राइव्हवर उतरवायची आयएसओ फाइल चार-पाच जीबीची असेल तर डिस्कचे सुरुवातीचे तेवढेच जीबी पुसले जातात. त्यात मूळ तक्ता, बूटची छोटी ईएफआय पार्टिशन आणि विंडोजच्या सी ड्राइव्हचा आरंभ जातो. शेवटची प्रत मात्र शाबूत राहते आणि मागे असलेलं लिनक्सचं पार्टिशनही. तक्ता परत आणला की ते जसंच्या तसं उघडू शकतं.

'जीडिस्क' हे त्यासाठीचं साधन. त्यात 'व्ही' दाबून तपासणी होते. 'आर' दाबलं की दुरुस्तीचा वेगळा मेनू उघडतो. तिथे 'बी' म्हणजे शेवटचं राखीव हेडर वापर, 'सी' म्हणजे राखीव नोंदी वापर. 'पी' दाबून तक्ता बघायचा: पार्टिशनांचे आकार ओळखीचे वाटतात का? इथवर डिस्कवर एक अक्षरही लिहिलेलं नसतं. सगळं स्मरणात चाललेलं असतं. शंका आली तर 'क्यू', काहीही न बदलता बाहेर. खात्री पटली तरच 'डब्ल्यू'. एक खोच लक्षात ठेवा. मुख्य मेनूतलं 'बी' तक्त्याची प्रत फाइलीत साठवतं आणि दुरुस्ती मेनूतलं 'बी' राखीव हेडर वापरायला घेतं. एकच अक्षर, अगदी वेगळी कामं. हे कुणाला सुचलं देव जाणे, पण आपण कोणत्या मेनूत आहोत हे बघितल्याशिवाय बोट खाली न्यायचं नाही.

सगळं चालतंय, तरी डिस्क रिकामी दिसते

आता सगळ्यात फसवा प्रकार. दोन्ही सिस्टिम सुरू होतात, फाइली उघडतात, पण जीपार्टेड मात्र पूर्ण डिस्क रिकामी दाखवतं. बऱ्याच जणांना वाटतं, तक्ता उडाला, नवा बनवावा लागेल. नका बनवू. जीपार्टेड ज्या लायब्ररीवर चालतं ती शिस्तीची आहे. तक्त्यातली एक ओळ जरी अशक्य निघाली, तरी ती अख्खा तक्ता नाकारते. विंडोज आणि लिनक्सचं कर्नल (गाभा) एवढी चिकित्सा करत नाहीत, म्हणून गाडी चालत राहते.

अशक्य ओळ म्हणजे बहुधा सरमिसळ, एका पार्टिशनचा शेवट दुसऱ्याच्या हद्दीत. समजा पहिलं पार्टिशन सेक्टर २०४८ पासून २०,४८,०२,०४७ पर्यंत नोंदलंय आणि दुसरं २०,४८,००,००० पासून सुरू होतंय. २०४८ सेक्टर, म्हणजे १ एमबी, दोघांच्या नावावर. खरं कोण? तक्त्याला विचारून उपयोग नाही, तोच तर आरोपी आहे. पण प्रत्येक फाइल सिस्टिम आपला आकार स्वतःजवळही लिहून ठेवते: विंडोजची एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरमध्ये, लिनक्सची ईएक्सटी४ आपल्या सुपरब्लॉक नावाच्या मुख्य नोंदीत. पहिलं पार्टिशन खरं तर २०,४७,९९,९९९ ला संपत असेल तर त्याची लांबी २०,४७,९७,९५२ सेक्टर होते, आणि एनटीएफएस आपल्या नोंदीत त्याहून एक कमी, २०,४७,९७,९५१ सांगेल. तो एक सेक्टर बूट सेक्टरच्या राखीव प्रतीसाठी शेवटी सोडलेला असतो. आकडे असे जुळले की चूक तक्त्यातच आहे हे पक्कं.

मग 'एसएफडिस्क'ने तक्ता साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून घ्यायचा, त्या फाइलीची एक अस्पर्श प्रत बाजूला ठेवायची, दुसऱ्या प्रतीत फक्त ती लांबी दुरुस्त करायची आणि तक्ता परत चढवायचा. आतल्या फाइलींना यात हातही लागत नाही. पहिल्या पार्टिशनच्या फाइल सिस्टिमनेच ती जास्तीची लांबी आपली म्हणून सांगितली, तर मात्र गोष्ट वेगळी. त्या १ एमबीत दोघांनीही लिहिलेलं असू शकतं. तेव्हा तक्ता नंतर. आधी दोन्हीकडच्या फाइली बाहेर काढायच्या.

ही वेळ येते कशी? बहुधा दोन वेगवेगळ्या साधनांनी एकाच डिस्कची मापं बदलल्यामुळे. जानेवारी २०२४ मध्ये विंडोजचं एक अपडेट रिकव्हरी पार्टिशन (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेलं) लहान असल्यामुळे अडकू लागलं आणि मायक्रोसॉफ्टने ते हाताने २५० एमबीने वाढवण्याच्या सूचना दिल्या. ड्युअल-बूट लॅपटॉपवर अनेकदा लिनक्स सी ड्राइव्ह आणि रिकव्हरी यांच्या मध्ये बसलेलं असतं. केवळ विंडोज डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या सूचना अशा ठिकाणी ओळीला ओळ लावून पाळणं धोक्याचं.

तक्ता कुठेच उरला नसेल तर

तेव्हा 'टेस्टडिस्क'. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं हे मोफत साधन तक्ता वाचत बसत नाही. ते डिस्क चाळून फाइल सिस्टिमच्या आरंभाच्या खुणा शोधतं आणि त्यांवरून तक्ता पुन्हा मांडतं. आधी 'क्विक सर्च', त्यात सगळं सापडलं नाही तर 'डीपर सर्च', ज्याला मोठ्या डिस्कवर तासन् तास लागू शकतात.

अडचण अशी की त्याला भुतंही दिसतात. तीन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या लिनक्सची खूणही डिस्कवर कुठेतरी शिल्लक असते, आणि टेस्टडिस्क तीही प्रामाणिकपणे यादीत दाखवतं. म्हणून प्रत्येक ओळीवर 'पी' दाबून आतल्या फाइलींची यादी उघडायची. आपले ओळखीचे फोल्डर दिसले तर ते पार्टिशन खरं. यादी उघडतच नसेल तर ते ठेवायचं नाही. त्याच यादीतून महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवूनही घेता येतात, तेही तक्ता न लिहिता. माझं मत विचाराल तर 'राइट' निवडण्याआधी हे करूनच टाकावं. जोडीचं 'फोटोरेक' हे अगदी शेवटचं शस्त्र. ते फाइली त्यांच्या आतल्या खुणांवरून उचलतं, पण मूळ नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. हजारो फोटो क्रमांकांनी येतात, मग बसा निवडत.

विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारं कुलूप) असेल तर टेस्टडिस्कला आतलं काही दिसणार नाही. ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. नव्या लॅपटॉपवर ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ती आत्ताच शोधून कागदावर उतरवून ठेवा, कारण बूटची मांडणी बदलली तरीही विंडोज ती मागू शकतं.

वाळपईच्या एका मास्तरांचा मागे फोन आला होता. "अहो, ते फॉरमॅट करू का विचारतंय. हो म्हणू?" "नको मास्तर, कॅन्सल दाबा आणि संगणक बंद करा." विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही, म्हणून ते लिनक्सच्या निरोगी पार्टिशनलाही 'रॉ' म्हणतं आणि फॉरमॅटची ऑफर देतं. एसएसडीवर त्याला हो म्हणणं सगळ्यात वाईट. फॉरमॅट करताना विंडोज आणि लिनक्स दोन्ही एसएसडीला 'हा सगळा भाग आता रिकामा' असं कळवतात. ही सूचना म्हणजे ट्रिम. त्यानंतर एसएसडी जुनी माहिती खरोखर टाकून देते आणि टेस्टडिस्कला शोधायला काही उरत नाही.

फाइल सिस्टिमची दुरुस्ती

तक्ता बरोबर आहे याची खात्री झाल्यावरच इथे यायचं. क्रम उलटा केला की काय होतं, ते ईएक्सटी४ची तपासणी स्वतःच सांगते: 'सुपरब्लॉकनुसार आकार इतके ब्लॉक, डिव्हाइसचा आकार इतके ब्लॉक, दोहोंपैकी एक बिघडलेलं दिसतं, थांबू का?' याला उत्तर 'हो' द्यायचं. सवयीने 'नाही' म्हणून पुढे गेलात तर ती चुकीच्या हद्दीबाहेरच्या फाइलींना कचरा समजून साफ करू लागते.

माउंट केलेल्या, म्हणजे वापरात असलेल्या पार्टिशनवर एफएससीके (हीच तपासणी) चालवायचं नाही, म्हणून पुन्हा लाइव्ह पेनड्राइव्ह. सुपरब्लॉकच खराब असेल तर घाबरायचं कारण नाही. त्याच्या प्रती पार्टिशनभर पेरलेल्या असतात आणि ४ केबीच्या ब्लॉकवर पहिली प्रत ३२,७६८ व्या ब्लॉकमध्ये सापडते. तपासणीला तो क्रमांक दिला की ती तिथून वाचते.

विंडोजची पार्टिशनं विंडोजकडूनच दुरुस्त करून घ्यावीत, 'चेकडिस्क' चालवून. लिनक्समधलं 'एनटीएफएसफिक्स' नावाने डॉक्टर वाटतं, पण ते काही ठरावीक विसंगती सरळ करतं, जर्नल (बदलांची नोंदवही) कोरं करतं आणि पुढच्या वेळी तपासणी कर, अशी चिठ्ठी विंडोजला ठेवतं. प्रथमोपचार म्हणून ठीक.

बूटलोडर

इथे फार वेळ घालवत नाही, कारण हा सगळ्यात वरचा थर आहे आणि यात फाइली जात नाहीत. ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा, एक छोटा तुकडा आधी चालतो आणि उरलेलं सामान लिनक्सच्या पार्टिशनमधून आणतो. ते पार्टिशन उडवलं किंवा त्याचा क्रमांक बदलला की तो 'रेस्क्यू'वर अडकतो. विंडोजची बूट विंडोजच्या दुरुस्ती पेनड्राइव्हवरून 'बीसीडीबूट'ने परत बसते, लिनक्सची ग्रब पुन्हा इन्स्टॉल करून. 'बूट-रिपेअर' हे एका बटणाचं साधन यासाठी चांगलं आहे, पण फक्त यासाठीच. तक्ता बिघडलेला असताना ते चालवू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर कित्येक ड्युअल-बूट संगणकांवर 'एसबॅट' ही बूटच्या सुरक्षेची पडताळणी फसल्याचा संदेश येऊन लिनक्स सुरूच होईना. तेव्हा पार्टिशनांना काहीही झालं नव्हतं. तपासणी न करता दुरुस्तीला हात घालायचा नाही, तो अशाच प्रसंगांमुळे.

पुन्हा होऊ नये म्हणून

विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' आधी बंद करा. ते चालू असताना 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची स्थिती डिस्कवर गोठवून ठेवतं आणि एनटीएफएस अर्धवट उघडं राहतं. अशा पार्टिशनवर लिनक्समधून जबरदस्तीने लिहिलं आणि मग विंडोज जुन्या स्थितीतून जागं झालं, तर दोघांच्या हिशेबात तफावत पडते आणि फाइली खराब होतात. लिनक्स असं पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडत असेल, तर ते तुमच्याच भल्यासाठी.

नुसती वीज गेल्याने फाइल सिस्टिम सहसा मोडत नाही. एनटीएफएस आणि ईएक्सटी४ दोघांकडे जर्नल असतं, अर्धवट राहिलेलं काम ते पुढच्या वेळी निस्तरतात. पण पार्टिशनची सुरुवात सरकवण्याचं काम चालू असताना वीज गेली तर गोष्ट वेगळी. तेव्हा आतला सगळा डेटा एका जागेहून दुसऱ्या जागी वाहून नेला जात असतो, त्याला तासन् तास लागतात, आणि मध्येच थांबलं तर अर्धा डेटा इकडे, अर्धा तिकडे. मे महिन्यातल्या गडगडाटी संध्याकाळी किंवा ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात हे काम काढू नये. लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असावा, डेस्कटॉपला यूपीएस. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. वीज जाते आणि इन्व्हर्टर उचलतो, त्या क्षणभरात काही संगणक रीस्टार्ट होतात.

आणि सगळं ठीक चाललंय तेव्हाच तक्त्याची प्रत घेऊन ठेवा. जीपीटीसाठी जीडिस्कच्या मुख्य मेनूतलं 'बी', एमबीआरसाठी एसएफडिस्कची मजकूर-फाइल. जीपीटीची फाइल जेमतेम १८ केबीची होते. स्वतःलाच ई-मेल करून टाकली तरी चालेल, फक्त त्याच डिस्कवर ठेवू नका. यात तुमचे फोटो-कागदपत्रं नसतात, नुसत्या हद्दी असतात, त्यामुळे डेटाचा वेगळा बॅकअप लागतोच. पार्टिशनांची मापं बदलली की लगेच नवी प्रत घ्यायची आणि जुनी पुसून टाकायची, नाहीतर गडबडीत नेमकी तीच चढवली जाईल.